साहेबाच्या बागेतला नवस

हसायचं नाही, कबूल असेल तरच सांगतो. बघा, आत्ताच हसलात!

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. मी मॅट्रिकला दोनदा आपटलो होतो, दोन्ही वेळा इंग्रजीत. तिसऱ्यांदा आपटलो, की वडील मला मिरजगावला मामाच्या किराणा दुकानात बसवणार होते. जन्मभर गूळ जोखायचा! नुसत्या कल्पनेने घाम फुटायचा.

परीक्षा आठ दिवसांवर आली, तशी आमची आत्या नारळ घेऊन मला कोल्हारच्या देवीला घेऊन निघाली. वाटेत प्रवरेकाठी एका साहेबाचा शंभर वर्षांचा बंगला होता. रविवारी त्याची बाग सगळ्यांना खुली असायची. आत्याला गुलाब बघायचे होते.

आणि काय ते गुलाब! बशीएवढे! आत्या प्रत्येक झाडापाशी "अगं बया" म्हणत थांबायची. अशा चार-पाच डझन अगं बया झाल्यावर बंगल्यामागे एक पांढराशुभ्र चौथरा दिसला. वर ताजी फुलं, पुढे कोरलेली इंग्रजी पाटी.

"काय रं लिवलंय?"

झाली का पंचाईत! नक्षीदार अक्षरं, मला ओ का ठो कळेना. पण मॅट्रिकच्या पोराने चारचौघांत तसं कबूल करायचं? मी घसा खाकरला. "फार मोठे साधुपुरुष होते, आत्या. इथेच समाधी घेतली."

आत्याने तिथल्या तिथे चपला काढल्या. देवीचा नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "म्हाराज, आमचं पोरगं विंग्रजीत पास हू द्या, पेढं घिऊन येते!" मलाही लोटांगण घालायला लावलं. आमचं बघून मागे रांग लागली हो! एका बाईने तान्हं मूल चौथऱ्यावर ठेवलं. मी आपला कपड्यांवरची माती झटकत ओरडतोय, "गर्दी नको, एकेक जण!"

तेवढ्यात बागेचा माळी, याकोबमामा, हातात झारी घेऊन धावत आला. "आरं, ह्ये काय चाललंय?"

"समाधीचं दर्शन," मी रुबाबात म्हणालो.

"कसली समाधी? साहेबाचं कुत्रं हाय त्ये, टायगर! साहेबाच्या हुकमानं फुलं ठिवतो मी. मिशनच्या शाळेत शिकलोय, वाचून दावू का पाटी?"

सगळी रांग खो खो हसत सुटली. त्या बाईने मूल उचललं आणि माझ्याकडे असं बघितलं म्हणता! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आत्याचा हात ओढला. "चल आता! नवस परत घे!"

आत्या जागची हलेना. "का म्हनून? साहेबाचं कुत्रं, म्हंजी त्याला विंग्रजी समजतच असंल की. तुला कुटं समजतं?"

पास झालो हो! इंग्रजीत अगदी काठावर, पण गूळ टळला! पेढ्यांचा पुडा घेऊन मी गावभर मिरवायला निघालो, तर आत्याने तो हातातून काढून घेतला. "पयला मान त्याचा!"

तेव्हापासून दारात कुत्रं भुंकलं, की आत्या मला हाक मारते, "ऊठ रं, तुजं मास्तर आलं!"