डाव्या दाराची घंटा

वरच्या सभागृहाच्या डाव्या दारावर एकतीस वर्षं उभ्या असलेल्या दारवानाला सभापतींपासून झाडूवालीपर्यंत सगळे कुलूपकाका म्हणत. खालचं सभागृह निवडणुका आल्या की बरखास्त होई. वरचं मात्र कधीच होत नसे. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होत आणि नवे येत: कुणाला शिक्षकांनी निवडून दिलेलं, कुणाला पदवीधरांनी, कुणाला नगरसेवकांनी. आठवड्याभरात काकांना सगळे चेहरे पाठ. "खाली पाहुणे, वर बिऱ्हाडकरू," ते म्हणत.

मतविभागणी, म्हणजे डोकी मोजून मतदान, पुकारली की सदस्यांना आत बोलवायला तीन मिनिटं घंटा वाजे. ती थांबली की दार बंद. मग बाहेर कुणी का असेना.

गेली दोन वर्षं काकांना ती घंटा ऐकूच येत नव्हती. ठाऊक होतं फक्त काकूंना. "माझी हाक ऐकू येत नाही, घंटा मात्र बरी कळते!" त्या टोमणा मारत. काका हसून तळहात दाखवत. घंटेची पेटी दाराच्या चौकटीवरच ठोकलेली होती. चौकटीला हात लावला की थरथर कळे. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ओळखत. निवृत्तीला चार महिने उरले होते. बोभाटा झाला असता तर दुसऱ्याच दिवशी त्यांना दारावरून हलवलं असतं.

अशात लहान शाळा बंद करण्याचं विधेयक खालून मंजूर होऊन वर आलं. घंटा वाजली, थांबली, काकांनी कडी घातली. तेवढ्यात सरकारी बाजूचे एक सदस्य उपाहारगृहातून धावत आले आणि दारावर आदळले. एका मतानं विधेयक पडलं. खालचं सभागृह ते पुन्हा मंजूर करू शकत होतं, पण तूर्त काही महिने शाळा वाचल्या.

दार उघडताच सदस्य गरजले, "घंटा चालू असताना दार लावलं! म्हातारा ठार बहिरा आहे. परवा दहा हाका मारल्या, ढिम्म हलला नाही. मतदान पुन्हा घ्या!"

सभापतीबाईंनी काकांना समोर बोलावलं आणि सावकाश विचारलं, "काका, घंटा ऐकू येते?"

या सभागृहात काकांनी थापा कमी ऐकल्या नव्हत्या. आपणही एक ठोकावी, असं क्षणभर वाटलं.

"ऐकू नाही येत, बाईसाहेब. पण कळते."

"मग दाखवा."

काका पाठ फिरवून चौकटीला हात लावून उभे राहिले. बाईंनी स्वतः घंटेचं बटण दाबलं आणि अर्ध्या मिनिटात सोडलं. घंटा थांबली आणि कडी पडली, दोन्ही एकदमच. पुन्हा दाबून लगेच सोडलं, तरी तेच. तिसऱ्यांदा बटणाला हातही लावला नव्हता, तोच त्या सदस्यांनी दाराच्या फळीवर जोरात मूठ आपटली.

मान न वळवता काका म्हणाले, "साहेब, ही घंटा नाही. हे तुम्ही."

सभागृह खदखदून हसलं.

"दार वेळेवरच लागलं," सभापतीबाईंनी निर्णय दिला. "निकाल कायम. आणि निवृत्तीपर्यंत हे दार काकांचंच."

दोन्ही बाजूंनी बाकं वाजवली. काकांचा हात अजून चौकटीवरच होता. तो सगळा गजर त्यांच्या तळव्यातून कोपरापर्यंत चढला.

संध्याकाळी काका भिंतीला टेकून बसले होते. काकूंनी हाक मारली नाही. स्वयंपाकघरातून भिंतीवर दोन थापा मारल्या.

"आलो," काका म्हणाले.