आधी चिठ्ठी, मग डबा

आमच्या वन्सं म्हणजे हट्टाचं गाठोडं. माझ्या नवऱ्याची ही मोठी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहतात, आणि कारखान्यात सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं नोकरी. त्याच कारखान्याच्या ट्रेनिंग विभागात मी कारकून. म्हणजे घरी नणंद, कामावरही नणंद. सुटका म्हणून नाही!

कारखान्यात त्यांना चिठ्ठीबाई म्हणतात. स्टोअर लहान आणि माल उदंड. एका मापाचे बेअरिंग कधी एका जागी मावत नाहीत. जिथे खण रिकामा दिसेल तिथे डबा सारायचा. मग पुढचा डबा कोणत्या खणात आहे, ते आधीच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवून लिहायचं. पहिल्या डब्याचा खण तेवढा दाराजवळच्या फळ्यावर. डबा वर्कशॉपला द्यायची वेळ आली, की आधी चिठ्ठीवरचा खण तळहातावर पेनाने उतरवायचा, मगच डबा हातातून सोडायचा. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात वन्संनी एकदा घाईत डबा आधी सोडला. डबा गेला, त्याबरोबर चिठ्ठी गेली, आणि पुढचे बत्तीस डबे कुठे आहेत हे सांगायला कुणी उरलं नाही. तीन दिवस शिडी घेऊन खण न् खण पालथा घातला. तेव्हापासून वन्संचा डावा तळहात कायम निळा.

गेल्या वर्षी फर्मान निघालं की स्टोअर कॉम्प्युटरवर जाणार. प्रोग्राम कारखान्यातल्याच माणसांनी लिहायचा. त्यासाठी सी भाषेचा सहा महिन्यांचा वर्ग, शेवटी परीक्षा, आणि पहिल्या सहा जणांना कॉम्प्युटर विभागात जागा. उरलेल्या स्टोअरवाल्यांनी फाटकावर बसून आल्यागेल्याची नोंद करायची.

"फाटकावर? मी?" वन्सं कडाडल्या. "तीस वर्षं डोळे मिटून माल काढून दिला, आणि आता येणाऱ्याला नाव-गाव विचारत बसू? हॅट्!" दुसऱ्या दिवशी वर्गाच्या यादीत पहिलं नाव त्यांचं.

आमच्या विभागाचे साहेब यादी बघून हसले. "बाई, एक्कावन्न वय तुमचं. पोरांची कामं आहेत ही."

"मग पोरांनाच विचारा, कुठला नट कुठल्या खणात आहे ते," वन्सं म्हणाल्या आणि चालत्या झाल्या.

त्यांच्या धाकाने मीही नाव घातलं होतं. पॉइंटर, म्हणजे मालाऐवजी नुसते पत्ते, आले आणि मी हात टेकले. पान एकशे बारावर पुस्तक मिटलं ते मिटलंच. पुढे वर्गात मी फक्त हजेरी घ्यायला जायची. वन्संनाही काही सगळं सोपं गेलं नाही बरं का. पहिल्या प्रोग्रामला सदतीस चुका निघाल्या. "एवढ्याशा अर्धविरामासाठी एवढा थयथयाट?" म्हणून कॉम्प्युटरवर ओरडल्या. ट्री, म्हणजे फांद्या फुटलेली यादी, शिकताना प्रोग्रामच्या तुकड्याने, फंक्शनने, स्वतःलाच पुन्हा हाक मारायची असते, त्यात तर त्या पार गुरफटल्या. स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या राहून रडल्या. मी पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. मग नाक शिंकरून पुन्हा वहीवर वाकल्या.

लिंक्ड लिस्ट, म्हणजे साखळीसारखी जोडलेली यादी, आली त्या दिवशी मात्र घरात शिरता शिरताच हाक. "अगं ए, ऐकलंस का! हे तर माझं स्टोअर आहे! प्रत्येक नोडमध्ये माल आणि पुढच्या नोडचा पत्ता. डबा आणि चिठ्ठी! एवढं शिकून शेवटी माझ्याच दारात आले की हे लोक!"

आणि याच यादीवरून वर्गात ठिणगी पडली. यादी रिकामी कशी करायची, ते वर्गाचे सर शिकवत होते. नोड फ्री करायचा, म्हणजे त्याची जागा कॉम्प्युटरला परत द्यायची, मग त्याच नोडमधला पत्ता वाचून पुढच्यावर जायचं. त्यांनी फळ्यावर तसं लिहिलं. वन्संचा निळा हात वर.

"सर, डबा देऊन टाकल्यावर त्याची चिठ्ठी कुठून वाचायची?"

वर्ग हसला. सरांनी प्रोग्राम चालवून दाखवला. चाळीसच्या चाळीस नोड गेले, यादी रिकामी. "चालतंय ना? मग झालं तर. परीक्षेत नोट्सप्रमाणे लिहा."

"आज चालतंय. जागा अजून दुसऱ्या कुणी घेतली नाही म्हणून," वन्सं पुटपुटल्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी हात जोडले. "वन्सं, नोट्समध्ये आहे तसं लिहा ना! एका ओळीसाठी कशाला वाकड्यात शिरता? फाटकावर बसावं लागेल."

"फाटकावर बसेन, पण चूक आहे माहीत असताना चूक लिहिणार नाही. तुझ्या साहेबालाही सांग."

नेमका तोच प्रश्न आला. वन्संनी फ्री करण्याआधी एक ओळ लिहिली, पुढचा पत्ता बाजूला काढून ठेवण्याची. निकाल मीच टाइप केला. वन्सं सातव्या. पेपरात त्या ओळीखाली लाल रेघ, बाजूला 'अनावश्यक', आणि दोन गुण कापलेले. सहावा आणि सातवा यांच्यात अंतर दोनच गुणांचं. यादी भिंतीवर मीच लावली. घरी काय तोंड दाखवू?

वन्संनी यादी वाचली. माझ्याकडून पेपर मागून ती लाल रेघ पाहिली, आणि थेट ट्रेनिंगच्या खोलीत. साहेब आणि सर चहा पीत होते. मी मागून धावले.

"सर, तुमचा प्रोग्राम चालवा. फ्रीच्या खाली मी एकच ओळ घालणार. नवा डबा मागायचा, कोऱ्या चिठ्ठीचा. स्टोअरमधून माल जात असताना नवा माल येतोच की नाही?"

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सरांनी खुर्ची पुढे ओढली. वन्संनी एका बोटाने टकटक करत ओळ लिहिली. प्रोग्राम चालला. पहिला नोड गेला, आणि पडद्यावर आलं: यादी संपली.

"एक गेला," वन्सं म्हणाल्या. "एकोणचाळीस कुठायत?"

सरांनी पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा एकच. मग वन्संनी आपला प्रोग्राम लावला, तीच नवी ओळ घालून. चाळीसच्या चाळीस गेले.

"रिकाम्या झालेल्या जागेत नवा डबा बसला," सर हळू आवाजात म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "मी कोरी चिठ्ठी वाचत होतो. चूक माझी आहे."

"बरं बरं," साहेब म्हणाले, "देऊन टाका बाईंना दोन गुण. उगाच बोभाटा नको."

माझा जीव भांड्यात पडतोय तोच वन्सं उसळल्या. "देऊन टाका काय? भीक मागायला आले का मी? ते गुण माझेच आहेत. आणि नुसते गुण घेऊन मी जाणार नाही. ती ओळ फळ्यावरून खोडा, सगळ्यांच्या नोट्समधून खोडा. उद्या हीच ओळ माझ्या स्टोअरच्या प्रोग्राममध्ये गेली, तर शिडीवर कोण चढणार? तुम्ही?"

साहेबांचा कप बशीवर वाजला. सर उठले, फळ्यावरची ओळ स्वतः पुसली आणि खडू वन्संच्या हातात दिला. वन्संनी मोठ्या, वाकड्यातिकड्या अक्षरात आधी पुढचा पत्ता ठेवून घेतला, मग नोड सोडला. नवी यादी मी उभ्या उभ्या टाइप केली. सहाव्या क्रमांकावर दोघं आले, तेव्हा सरांनी कॉम्प्युटर विभागात सातवी जागा मागून घेतली. वन्संनी स्वतःचं नाव पडू दिलं नाही, की कुणाचं खाली पाडलं नाही.

घरी येताना मला माझीच लाज वाटत होती. चूक लिहा, असं मीच सांगितलं होतं ना! तसं म्हणाले त्यांना. त्यांनी भर रस्त्यात पेन काढलं. "दे हात."

तळहातावर लिहिलं: एकशे बारा.

"तुझी चिठ्ठी," म्हणाल्या. "इथे सोडलं होतंस. उद्यापासून पुढे."

घरात शिरल्या शिरल्या मी नवऱ्याला सांगितलं, आज भांडी तुम्ही घासा, माझा हात ओला होता कामा नये.