घरवार नमुना

बाटली उजेडाकडे धरायची, डावा डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "एकत्र बघून कळत न्हाई. घरवार बघा." आमच्या दूध संस्थेतले टेस्टर तात्या दिवसातून दहादा तरी हे म्हणत. असा एखादा चौकस माणूस तुमच्याही गावात असेल. पण आमच्या तात्यांच्या चौकशीतून देवाचा अंगाराही सुटत नसे. मी संस्थेचा सचिव, वयानं बराच लहान. कागद माझे, दूध त्यांचं.

गेवराईकडचं आमचं गाव. कॅनमधलं दूध नासलं की सगळे उन्हाला दोष देत. तात्या मात्र प्रत्येक घराच्या दुधाचा नमुना वेगळा काढून ठेवत आणि दुपारपर्यंत नेमकी किटली हुडकून काढत. एकदा ती चेअरमनच्याच घरची निघाली. तात्यांनी तेही भर बैठकीत सांगून टाकलं. मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

त्यांच्या घरात मुतखडे पाचवीला पुजलेले. वडिलांना, चुलत्यांना, स्वतः तात्यांना. सारं गाव म्हणे, त्यांच्या विहिरीचं पाणीच जड. छावण्या पडल्या त्या दुष्काळात विहिरीत गुडघाभर पाणी होतं, तरी घरच्यांनी ते जनावरांना ठेवलं आणि स्वतः टँकरच्या रांगेत उभे राहिले. त्याच उन्हाळ्यात तात्यांची परळीला दिलेली बहीण खड्यानं गडबडा लोळली.

"सचिव, ती तर तीस वर्सं परळीचं पाणी पितीय. आन् माजी बायको तीस वर्सं आमच्या विहिरीचं. तिला एक खडा न्हाई. कावून?"

मी म्हणालो, "नशीब, तात्या."

"नशिबाचा नमुना निघतो का?"

दुधाच्या जुन्या कार्डाच्या पाठीवर त्यांनी सगळं खानदान मांडलं. कुणाला खडे, कुणाला पोटातला अल्सर, कोण छातीच्या दुखण्यानं गेलं. घरात आलेल्या सुनांच्या नावापुढं मात्र काहीच नव्हतं. दोष पाण्यात नव्हता, रक्तात होता.

ते कार्ड घेऊन आम्ही दोघं शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. हा ग्रंथींच्या गाठींचा आजार आईबापाकडून लेकरांत उतरतो, त्या गाठींमुळंच खडे आणि अल्सर होतात, म्हणाले, आणि छातीचा स्कॅन काढला. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते, मोठेपणी ती सुकत जाते. तात्यांच्या त्या जागी गाठ होती आणि ती पसरली होती. अशा घरातल्या पुरुषांना, त्यातही बिडी ओढणाऱ्यांना, ती जास्त धरते.

"मोठेपनी सुकती, तर असतीच कावून?" तात्यांनी विचारलं. डॉक्टर हसून समजावत बसले. मला रडू आवरत नव्हतं. मग तात्या म्हणाले, "माज्या धाकट्याची आत्ताच बघता यील का?"

धाकटा भाऊ दिवसाला दोन बंडल बिड्या ओढायचा. "मला काय धाड भरलीय?" म्हणायचा. तात्या रोज संध्याकाळी धापा टाकत त्याच्या दारात जाऊन बसत.

"नासल्यावर नमुना घिऊन काय उपेग? आदी घे की बे."

धाकटा उठून निघून जाई. तात्या गेले, तोवर त्यानं तपासणी करून घेतलेली नव्हती. मला त्याचा फार राग आला होता.

तेराव्यानंतर महिन्याभरानं तो संस्थेत आला. हातात मोठं पाकीट होतं, खिशात बंडल नव्हतं. त्यानं स्कॅनची फिल्म काढून खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि डावा डोळा मिटला.

"गाठ हाय, सचिव. पर लई बारकी. डॉक्टर म्हनला, येळंवर आलास, काढता येती."

मग तो तात्यांच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिला. फिल्म त्यानं खाली घेतलीच नाही.

"ह्ये तात्याला दावायला पायजे व्हतं," तो म्हणाला.