सवतीचे सहा बोल्ट

सवत लाकडाची असू शकते, हे मला साठीनंतर कळलं.

आमचे हे जहाजावर इंजिनिअर होते. निवृत्त होऊन देवगडला घरी आले तेव्हा वाटलं, आता तरी हा माणूस माझ्या वाट्याला येईल. कसलं काय! आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये त्यांनी स्वतःच्या हातांनी एकाच माणसाला बसता येईल एवढं विमान बांधायला घेतलं. सांगाडा, पंख, इंजिन, सगळं मी सोसलं. पण पुढचा लाकडी पंखा आला आणि माझं डोकं फिरलं. त्याला लोकरीच्या शालीत गुंडाळून ठेवायचे. शाल माझी! सकाळी उठून आधी त्याच्यावरून हात फिरवायचे, मग चहा. माझ्या पाठीत उसण भरली तेव्हा बाम लावायला हात रिकामा नव्हता. मी त्या पंख्याला 'ती' म्हणायला लागले.

"जेवक येतास मा?" मी मागल्या दारातून हाक मारायची.

"इलंय गो." आणि भात गार होईस्तोवर माणसाचा पत्ता नाही.

मग बोल्टांचं प्रकरण सुरू झालं. ही बया इंजिनाला सहा बोल्टांवर बसते. उडताना ते ढिले झाले तर ती थरथरते, आणि थरथर वाढली की इंजिनासकट सगळंच सुटून खाली. हे त्यांनीच सांगितलं, वर हसत. त्या दिवसापासून यांची काळजी आणि तिचा हेवा एकदमच वाढत गेले. खोटं कशाला बोलू, हेवा जास्त.

माझ्या भावाचं मालवणात बोटींच्या सामानाचं दुकान आहे. आमच्या किनाऱ्यावर एकच शास्त्र: हवा खारी, तेव्हा स्टेनलेस घे. देवघराच्या बिजागऱ्यासुद्धा स्टेनलेसच्याच. मी भावाकडून निवडून सहा स्टेनलेस बोल्ट आणले. म्हटलं, तिच्यात माझंही काही असू दे. यांनी ते तळहातावर घेतले आणि बाजूला ठेवून दिले.

"गंजाचे नाय ह्ये, खरा आसा. पण नरम. हयसर कडक पोलादच व्हया."

"आख्ख्या बंदराक कळत नाय, तुमकाच कळता!"

"बोट बंद पडली तरी तरंगता गो. ह्यां तरंगाचा नाय."

खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. माझे बोल्ट शेवटी न्हाणीघराच्या फळीला लागले. तिच्यासाठी मात्र बाहेरून पिवळसर मुलाम्याचे बोल्ट आले, जपून गुंडाळलेले. नट कसले, तर आत नायलॉनचं कडं असलेले, एकदा काढले की फेकून द्यायचे. माझ्या मंगळसूत्राची कडी वर्षभर दोऱ्यानं बांधलेली, आणि हिला दर वेळी नवे नट! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

कळस झाला तो नेलपॉलिशनं. लग्नाच्या वाढदिवसाला यांनीच आणलेली लाल बाटली सापडेना. शेडमध्ये जाऊन बघते तर हे चष्मा नाकावर घेऊन तिला लावताहेत! प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीवर एकेक बारीक रेघ. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते, म्हणे.

"माझी नखां उघडी, आणि तिका शृंगार?"

"तुझीच बरी. सुकल्यार लगेच चिरता."

हे सगळं ऐन पावसाळ्यात. दिवाळी गेली, हवा कोरडी पडली, इंजिन जमिनीवर बरेचदा चालवून झालं, परवानग्याही आल्या. सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, सपाट जागा ठरली. त्या सकाळी हे आत बसले, पट्टा बांधला. इंजिन अजून बंद होतं. मी निरोप द्यायला पुढे गेले, आणि नजर गेली ती तिच्याकडेच. खोडच लागली होती मेली. रोज तो शृंगार बघायचा आणि रोज जळायचं. पाच रेघा धड होत्या. सहावी केसभर सरकलेली.

"खाली उतरा."

"काय झाला?"

"तिची रेघ तुटली आसा. उतरा म्हणतंय ना!"

मला वाटलं, आता वाद घालणार. एवढ्या वर्षांत एका हाकेला कधी पानावर न आलेला माणूस, मुकाट पट्टा सोडून उतरला. यांनी रेघ बघितली, पाना लावला. सहाही बोल्ट ढिले निघाले. पावसात फुगलेलं लाकूड कोरड्या हवेत आक्रसलं होतं, त्यामुळे नट न फिरताही पकड सुटली होती, आणि हे पुन्हा आवळायचे विसरले होते. कातळावर बसले, मला ओढून शेजारी बसवलं, आणि बराच वेळ माझा हात सोडला नाही.

मग उठले आणि तिच्या अंगावर माझी शाल घातली, अगदी हलक्या हातानं. जळले की मी! पण त्या दुपारी मी हाक मारायच्या आधीच हे पानावर येऊन बसले होते, आणि भात गरम होता.