अकरा शेरीफांचं गाव

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. दहा-बारा वर्षं एकाच मंडळात काढली की माणसाकडे बाकी काही असो-नसो, किस्से ढिगाने असतात. फक्त एक खोड असते त्यांना. दुसऱ्याची फजिती झालेले किस्से वर तरंगतात आणि आपण तोंडघशी पडलो ते तळाला जाऊन बसतात. आज मी तळापासून ढवळणार आहे, तेव्हा सुरुवात हसरी झाली म्हणून फसू नका.

मंडळ म्हणजे आमचं कतारमधलं, दोह्यातलं मराठी मंडळ. मी त्याचा सेक्रेटरी. हॉल बुक करणं, समोसे वेळेवर आणवणं आणि दोन्हींत काही चुकलं की बोलणी खाणं, हे माझं काम.

*

या सगळ्याचं मूळ परकारभाई. माणूस रत्नागिरीचा, इथल्या बिन महमूद भागात एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटर सांभाळतो. त्यांच्या घरी जेवायला गेलं की बिर्याणीआधी एक जुना काळा-पांढरा वेस्टर्न सिनेमा बघावाच लागतो. वाळवंटातलं छोटं गाव आणि तिथला शेरीफ. गुरांच्या एका बड्या मालकाने एका गरीब गुराख्यावर चोरीचा आळ घेतलेला असतो. गुराखी निर्दोष आहे हे शेरीफला ठाऊक असतं, म्हणून तो त्याला तुरुंगात ठेवून राखत असतो. मालक संध्याकाळी माणसं घेऊन त्याला फासावर चढवायला येणार असतो. शेरीफ दारोदार फिरतो, एकाने तरी माझ्याबरोबर उभं राहा म्हणतो, आणि दारं एकामागून एक बंद होत जातात.

परकारभाई टीव्हीचा आवाज बंद करतात आणि सगळ्यांचे संवाद स्वतः मराठीत म्हणतात. पडद्यावरचा शेरीफ दोन शब्द बोलून ओठ मिटतो, पण परकारभाईंचं दोन मिनिटं चालूच असतं. मी एकदा न राहवून म्हटलं, "भाई, त्याचं तोंड केव्हाच बंद झालंय."

"तोंड बंद हाय रे, पण मनात केवढा हाय त्याच्या," ते म्हणाले. "ता कोण सांगनार?"

*

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाला याच सिनेमाचं मराठी नाटक करायचं ठरलं. आमचे अध्यक्ष सबनीस सर फायनान्सवाले. एक्सेल शीटशिवाय ते लग्नाची पंगतही उठवणार नाहीत. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शीट टाकली. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात हवी असलेली भूमिका.

दोन दिवसांत अकरा पुरुषांनी नावं भरली. अकराही शेरीफ. चार नंबरला मी होतो.

सबनीस सरांनी मीटिंगमध्ये चष्मा काढला. "अहो, अकरा शेरीफ असलेल्या गावात गुन्हा करायला येतंय कोण? पडदा उघडायचीच गरज नाही."

गावकरी व्हायला कुणी तयार होईना. एक जण म्हणाला, "सर, नुसतं नाही म्हणायचं आणि दार लावायचं, यात अ‍ॅक्टिंग काय आहे?" खरं होतं त्याचं. त्यात अ‍ॅक्टिंग काहीच नाही.

*

घोडा कापडाचा शिवून घेतला. आत दोन आयटीवाली पोरं, दोघंही बिनलग्नाची, सहा-सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेली. एक पुढचे पाय, दुसरा मागचे.

एका शुक्रवारी ऐन तालमीत पुढच्या पायांना लंडनच्या क्लायंटचा कॉल आला. इथे शुक्रवारी सुट्टी, पण तिकडे तो कामाचा दिवस. तो घोड्याचं डोकं काखेत मारून बाल्कनीत गेला आणि मागचे पाय कापडाखाली तसेच वाकून उभे राहिले. सबनीस सर ओरडले, "घोडा का थांबला?"

कापडातून आवाज आला, "सर, पुढचा भाग कॉलवर आहे. मी म्यूटवर आहे."

*

शेरीफचा प्रश्न परकारभाईंनी सोडवला. त्यांनी तांगडेला आणलं.

रामेश्वर तांगडे जालन्याकडचा. इथे बिल्डिंगांना बाहेरून लोखंडी पाइपांच्या परांच्या बांधतो आणि शहराबाहेर बिरकत अल अवामेरला लेबर कॅम्पात राहतो. परकारभाईंच्या दुकानात कुलूप घ्यायला आला होता, बोलता बोलता गावच्या जत्रेतल्या नाटकांचं निघालं आणि भाईंनी त्याला तिथल्या तिथे दोन संवाद म्हणायला लावले. बाकीची गिऱ्हाईकं थांबून ऐकत राहिली म्हणे.

सबनीसांच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या व्हिलात तालीम होती. तांगडे दारापाशी उभा राहिला, हातातली टोपी छातीशी धरली आणि म्हणाला, "जीव द्या म्हनत न्हाई म्या. निस्तं माझ्या बाजूला हुबं ऱ्हावा." आवाज चढवला नाही, हातवारे नाहीत. आम्ही दहा जण (अकरावा माघार घेऊन डायरेक्टर झाला होता) जमिनीकडे बघत बसलो.

सबनीस वहिनींचं काम गावकरणीचं. "आम्हाला लेकरंबाळं आहेत" म्हणून त्यांनी दार लावायचं होतं. त्यांनी डोळ्याला पदर लावला, दार सताड उघडलं आणि म्हणाल्या, "या हो आत. घोटभर चहा तरी घ्या." त्या वाळवंटात शेरीफला चहा पहिल्यांदाच मिळाला असेल.

मग खराच चहा झाला. आम्हाला कपबशीतून आला, तांगडेला कागदाच्या ग्लासातून. कप कमी पडले असतील, असं मी मनाशी म्हटलं. समोरच्या काचेच्या कपाटात मला सहा दिसत होते.

*

तांगडेला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घ्यायचं राहून गेलं होतं. 'राहून गेलं' हा आमच्या मंडळाचा फार लाडका शब्द. एका शुक्रवारी माझ्या बिल्डिंगच्या हॉलमधली तालीम रद्द झाली, ग्रुपवर मेसेज पडला, आणि तांगडे मात्र दोन बस बदलून, दीड तासाचा प्रवास करून हजर झाला. त्याने मला दोनदा फोन केला. मी बायको-मुलीबरोबर मॉलमध्ये होतो. घरी गेल्यावर करू म्हटलं, आणि तेही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी मी बाहेरून आलो तर आमचा नेपाळी वॉचमन गेटच्या फटीतून गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बघत होता. त्याला मराठीचा गंधही नाही. तो म्हणाला, "न्हाई, शेरीफ. आमाला लेकरंबाळं हायेत." आणि त्याने गेट लावून घेतलं.

कळलं ते असं की तांगडेने वाट बघता बघता जिन्याखाली त्यालाच गावकरी करून दोन तास तालीम केली होती. हा किस्सा मी पंचवीस ठिकाणी तरी सांगितलाय आणि सगळीकडे हशा मिळवलाय. सांगताना ते दोन मिस्ड कॉल मी गाळतो.

*

कार्यक्रम शुक्रवारी दुपारी, एका क्लबच्या हॉलमध्ये. त्या क्लबचा शुक्रवारचा नियम, फॅमिलीज ओन्ली. म्हणजे एकट्या पुरुषाला प्रवेश नाही. कागदावर हा नियम सगळ्यांना सारखा. प्रत्यक्षात गार्ड माणसाचे बूट आणि हात बघून ठरवतो. आमच्या घोड्याचे पुढचे आणि मागचे, दोन्ही पाय बिनलग्नाचे, पण त्यांना कुणी हटकलं नाही.

प्रमुख पाहुणे म्हणून मी माझ्या कंपनीच्या जनरल मॅनेजरना सपत्नीक बोलावलं होतं. माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं. हे कारण म्हणून सांगतोय, सबब म्हणून नाही. मी त्यांना पहिल्या रांगेकडे नेत होतो तेवढ्यात गार्ड आला. "सर, गेट पे एक लेबर है. बोलता है ड्रामा का हीरो है. कोई मेंबर आके साइन करेगा तो छोडूंगा."

काचेच्या दारापलीकडे तांगडे उभा होता. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, केसांना तेल. मी दिसल्यावर त्याने हात वर केला आणि हसला. त्याच्या माझ्यात वीस पावलंही नव्हती.

"एनी प्रॉब्लेम?" जीएमनी विचारलं.

सर, हा आमचा हीरो, चला ओळख करून देतो. एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "नो सर, नथिंग," आणि दाराकडे पाठ केली.

साहेबांना बसवू, मग जाऊन सही करू, असं मी स्वतःला समजावलं. त्यांना बसवलं, पाणी दिलं, त्यांच्या मिसेसना एसी जास्त वाटतोय का विचारलं. पंधरा-वीस मिनिटांनी वळून बघितलं तर दारापलीकडे कुणी नव्हतं.

परकारभाई विंगेत घोड्याची शेपटी शिवत होते. "तांगडे खय?" त्यांनी विचारलं.

"ड्युटी लागली त्याला," मी म्हणालो.

शीटवरचा चार नंबर शेरीफ झाला. संवाद मला पाठ होते, तांगडेचेच ऐकून ऐकून झाले होते. मी टोपी छातीशी धरली, दारोदार गेलो, माझ्या तोंडावर दारं लागली आणि शेवटी सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. जीएमनी खांदा थोपटला. टाळ्या चालू होत्या तेव्हा मला लाज वाटली असं सांगितलं तर ते खोटं होईल. तेव्हा छान वाटत होतं. लाज वाटली ती गाडीत बसल्यावर, आणि ती काही अजून गेलेली नाही.

*

पुढच्या शुक्रवारी मी पेढ्यांचा डबा घेऊन बिरकत अल अवामेरला गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अख्खा रस्ता मी एकच वाक्य घोळवत होतो, "तांगडे, माझं चुकलं, मला माफ कर." एरवी मंडळात तासभर भाषण ठोकणाऱ्याला ते नऊ-दहा वेळा म्हणून बघावं लागलं.

खोलीत एकावर एक पलंग. दुपारची वेळ, दोघं-तिघं झोपलेले. तांगडे खालच्या पलंगावर बसून बायकोशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. मला बघून तो उठला, एकुलतं एक स्टूल पुढे केलं आणि मी काही बोलायच्या आत फोन माझ्याकडे वळवला. "ह्ये बघ, सायेबच आले. नाटकवाले."

स्क्रीनवर डोक्यावर पदर घेतलेली बाई, मागे पत्र्याची भिंत.

"नमस्कार सायेब. ह्यांचं काम लई भारी झालं म्हनं. खरंच टाळ्या पडल्या का, का हे निस्तंच सांगत्यात?"

मी तांगडेकडे बघितलं. तो पेढ्यांच्या डब्याची दोरी सोडवत होता.

"पडल्या," मी म्हणालो. "लोक उभे राहिले होते."

"मंग येक बी फोटू कसा न्हाई धाडला ह्यांनी?"

"मोबाइलला परवानगी नव्हती तिथे."

"मला तर घोरच लागला हुता," ती म्हणाली. "म्हनलं, येवढ्या मोठ्या जागी ह्यांला आत तरी घेत्यात का न्हाई."

ते घोळवलेलं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण तांगडे आधी बोलला.

"घेत नव्हतेच की. गेटवर अडविलं मला. मंग सायेब सवता आले, सही केली, आन् हाताला धरून आत नेलं."

स्क्रीनवर तिने हात जोडले. मग ती म्हणाली, "लई उपकार झाले सायेब तुमचे."

तांगडेने डब्यातला एक पेढा काढून माझ्या हातावर ठेवला.

"उपकार कसले, वहिनी," मी म्हणालो.