गरिबी मोजायला गुरुजी आले

गरिबी मोजायला माणूस दारात आला, की प्रत्येकाला शेजारी श्रीमंत दिसायला लागतो. मुडशिंगीच्या आमच्या गल्लीत असे सर्वे येत गेले आणि किस्से माझ्याकडं साठत गेले. मी तिसरीत शाळा सोडलेला, मला दुसरा धंदा काय? शाळेतले गुरुजी सर्वेला निघाले, की मी घरं दाखवायला पुढं.

*

नव्वदीतला सर्वे पैशाचं विचारायचा. शेजारच्या बापूच्या सोप्यात आम्ही टेकलो, तर तिथं चंदगडचे पावणे बसलेले. पोराला स्थळ आलेलं.

"बापू, वर्षाचं उत्पन्न किती?" गुरुजींनी विचारलं.

जास्त सांगावं तर स्वस्त धान्याचं पिवळं कार्ड जातंय, कमी सांगावं तर सून जाते. बापूनं पावण्यांकडं बघितलं, गुरुजींकडं बघितलं.

"उद्या या गुरुजी. आज मी बागायतदार हाय."

*

दोन हजारनंतर सरकारलाही संशय आला. पैशाचं कोण खरं सांगत नाही म्हटल्यावर घर, कपडे, जेवण, घरातल्या वस्तू असलं विचारायला लागले.

"दिवसातनं किती वेळा जेवता?"

"एकदाच," बापू पडेल आवाजात म्हणाला.

आतनं त्याची बायको, आमच्या वहिनी, बोलल्या, "खरं हाय. एकदा बसलं की उठत्यात कुठं?"

*

त्याच सर्वेत छपरावर अँटेना आणि खाली टीव्ही नाही, अशी घरामागं घरं लागली.

"बापू, अँटेना कशाला मग?"

"कावळ्यास्नी बसाय."

खरं म्हणजे टीव्ही, पंखे, मिक्सर सकाळीच वाकळंत गुंडाळून गेलेले. शेजाऱ्याकडं ठेवायची सोय नाही, तोच चुगली करंल! भरवशाचं माणूस एकच, हौसाक्का. नवरा गेलेली, लोकांच्या रानात भांगलण करणारी. त्या कार्डाच्या तांदळावर तिचा पावसाळा निघायचा. प्रत्येकजण गुपचूप तिच्याकडं सामान टाकून आला. प्रत्येकाला वाटलं, आपणच हुशार.

शेवटी आम्ही तिच्या पत्र्याच्या खोलीत शिरलो. पाय ठेवायला जागा नाही. टीव्हीवर टीव्ही, त्यावर पंखे, आणि वर हौसाक्काची चटणीची बरणी.

"हौसाक्का, हे कुणाचं?"

दारात गल्ली गोळा झालेली. नावं सांगितली तर उद्यापासनं रानात कोण बोलवणार नाही. गप्प बसली तर कार्ड गेलं.

बापू पुढं होऊन म्हणाला, "आजकाल कुणाचा भरवसा हाय, गुरुजी? गरीब म्हणून आमी कळवळत हुतो."

हौसाक्कानं त्याच्याकडं नीट बघितलं. मग पदर खोचला.

"माझंच हाय, गुरुजी. पर लिवायची घाई नको. आत्ता टेंपो बोलवून समदं बाजारात इकून येते. खोली मोकळी झाली, की मग लिवा."

 मग मागनं वहिनी गर्दी सारत पुढं आल्या.

"गुरुजी, त्यो थोरला टीव्ही आमचा. आदी आमचं नाव लिवा."