आर्डिस टोलेफ्सन कुठे उभी राहिली

लायल प्रेंडरगास्ट राष्ट्राध्यक्ष होऊ शकतील का, हा प्रश्न त्या हिवाळ्यात आर्डिस टोलेफ्सनला इतक्या जणांनी विचारला होता, की शाळेच्या स्वयंपाकघरात बटाट्यांचे ट्रे भट्टीत सरकवताना मागे पावलं वाजली तरी ती आधी ‘मला ठाऊक नाही’ म्हणायची आणि मगच वळून कोण आलंय ते पाहायची.

आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या नॉर्डाल गावाला अशा प्रश्नांचे अप्रूप नव्हते. उमेदवार निवडायला सुरुवात याच राज्यातून होत असल्याने देशातल्या बड्याबड्यांना दर चार वर्षांनी इथल्या स्वयंपाकघरांत बसून कॉफी प्यावी लागे. प्रेंडरगास्ट यांची गोष्ट मात्र वेगळी होती. ते पूर्वी देशाचे कृषिमंत्री होते, आणि पक्ष्यांच्या तापाची साथ आली तेव्हा ठरावीक टापूतले सगळे पक्षी, आजारी असोत वा नसोत, मारून टाकण्याचा आदेश त्यांच्या सहीने निघाला होता. त्या टापूत आर्डिसचा थोरला भाऊ ऑर्विल याच्या टर्कींच्या शेड होत्या. त्याचा एकही पक्षी आजारी नव्हता. शेड रिकाम्या झाल्या त्या कायमच्याच. आता तो गॅसच्या टाक्या भरणारा ट्रक चालवत असे.

त्या आदेशाने राज्य वाचले, असे काही जण म्हणत. उगाच बुडाले, असे बाकीचे. दोन्ही बाजूंचा आवाज मोठा आणि पुरावा तुटपुंजा होता, कारण जे घडलेच नाही ते मोजणार कसे? निर्विवाद गोष्ट एकच: साथ त्या टापूच्या कडेच्या ओढ्यापलीकडेच थांबली, अलीकडे आली नाही. आर्डिसला तो आदेश योग्य वाटला होता, आणि हे तिने कोणालाही सांगितले नव्हते. नवरा गेल्यापासून दर रविवारी चर्चनंतर ती ऑर्विलकडे जेवायची, आणि मग दोघे भिडू होऊन शेजाऱ्यांना पत्त्यांत हरवायचे. तिच्या आठवड्यात एवढा एकच दिवस माणसांचा होता. त्या टेबलावर मंत्र्यांचा उल्लेख ‘तो माणूस’ असाच होई.

जानेवारीत ‘तो माणूस’ थेट ऑर्विलच्या दारात उभा राहिला. आर्डिस तेव्हा तिथेच होती.

“आदेश चुकीचा होता असं मी म्हणणार नाही,” प्रेंडरगास्ट टोपी हातात घेऊन म्हणाले. “पण तुमचं घर त्यात बुडालं, हेही खरं. ते तोंडावर सांगायला आलो.”

ऑर्विलने त्यांना बसवले, सफरचंदाच्या पायचा मोठा तुकडा वाढला, कॉफी दोनदा ओतली. शेवटी म्हणाला, “बरं बोललात. विचार करायला हवा.”

पूर्वेकडच्या शहरांतून आलेल्या प्रेंडरगास्ट यांना यात होकार ऐकू आला. गाडीत बसताना ते प्रचाराचं काम पाहणाऱ्या सोबतच्या बाईंना म्हणाले, “हे घर आपलं झालं!” आर्डिस दारातून ऐकत होती.

“ऑर्विल, त्याला वाटतंय तू हो म्हणालास.”

“मी खायला घातलं. दारात आलेल्याला उपाशी धाडू?”

“मग विचार कसला करणारेस?”

“विचार झालाय माझा. पण ते त्याच्या तोंडावर सांगायचं म्हणजे काय मॅनर्स झाले?”

नॉर्डालमधल्या जवळजवळ प्रत्येक घरात प्रेंडरगास्ट यांनी असेच काहीतरी खाल्ले होते आणि असेच काहीतरी ऐकले होते. मतचाचण्यांसाठी फोन करणाऱ्यांनाही लोकांनी त्यांच्याविषयी भलेच सांगितले. वर्तमानपत्रांत त्यांचा आकडा चढत गेला.

निवडीच्या संध्याकाळी सारा गाव शाळेच्या व्यायामशाळेत जमला. इथे मतपेटी नसते. आपल्या उमेदवाराच्या फलकाखाली जाऊन सगळ्यांदेखत उभे राहायचे, आणि मग डोकी मोजायची. प्रेंडरगास्ट यांच्या लोकांनी सर्वांत मोठा फलक लावला होता, जादा खुर्च्याही आणल्या होत्या. त्याखाली गुरांचे डॉक्टर, त्यांची बायको आणि आणखी दोघे-चौघे उभे होते. समोरचा, त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या राज्यपालांचा कोपरा मात्र दाटला होता. ऑर्विल तिथे पहिल्याच रांगेत होता.

आर्डिस कॉफीच्या टेबलामागे कप पुसत होती. आधीच कोरडे असलेले.

“आर्डिस, पुरे झाली कॉफी,” सभा चालवणारा मर्ल क्वामी ओरडला. “कुठेतरी उभी राहा, बाई! मला मोजायचंय.”

तिने फडके ठेवले आणि चालू लागली. ऑर्विलने तिच्यासाठी शेजारी जागाही केली होती. ती त्या जागेसमोरून गेली, आणि मोठ्या फलकाखाली जाऊन थांबली.

मर्लने तिथली डोकी पुन्हा एकदा मोजली.

उमेदवाराचा गट टिकून राहायला दर शंभरांत पंधरा माणसे लागत. तेवढी तिथे नव्हती. नियमाप्रमाणे त्या गटाला दुसरीकडे जायची मुभा मिळाली. डॉक्टर दांपत्य चुकचुकत हलले, बाकीचेही गेले. मग ऑर्विल व्यायामशाळा ओलांडून तिच्याकडे आला.

“तुला तो आदेश बरोबर वाटला होता?”

“हो.”

“तेव्हाच?”

“तेव्हाच.”

“आणि इतके रविवार माझ्या टेबलावर बसलीस?”

“बोलले असते तर बसू दिलं असतंस?”

त्याने समोरच्या कोपऱ्याकडे बोट केले. “चल तिकडे,” तो म्हणाला. “इथे तुझं डोकं मोजणारसुद्धा नाहीत.”

“नाही मोजलं तरी चालेल.”

तो एकटाच परतला. आर्डिस रिकाम्या खुर्च्यांत मोजणी संपेपर्यंत उभी राहिली. बसावे असे तिला वाटले नाही.

शिकागोहून आलेल्या बातमीदार बाईंनी तिला दारात गाठले. “काय वाटतं? राष्ट्राध्यक्ष होतील?”

“त्यांच्याविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ भेटतील तुम्हाला,” आर्डिस म्हणाली. “भावासमोरून चालत जायला किती तयार होतील, ते मला ठाऊक नाही.”

बाहेर ऑर्विल तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. ती जवळ आली तरी त्याने मान वर केली नाही.

“रविवारी आली नाहीस तर माझा भिडू म्हणून मर्ल बसेल,” तो म्हणाला. “त्याला पत्ते धरतासुद्धा येत नाहीत.”

“येईन. पण त्या आदेशाबद्दल मी बोलणार आहे, ऑर्विल.”

त्याने दुसरी काच खरवडायला घेतली. ती पुरी झाल्यावर म्हणाला, “जेवणानंतर बोल. आणि मीही बोलणार.”